नखुरड्याचं ऑडिट

आधी माफी मागून घेते. माझं अक्षर किरटं आहे आणि वेलांटी पहिली की दुसरी हे मला या वयातही ठरवता येत नाही. आमच्या वाडीत शाळा चौथीपर्यंतच होती. पाचवीसाठी तरीत बसून खाडीपलीकडे जावं लागे, आणि मुलींना तरीत बसवून शाळेला धाडायची तेव्हा आमच्याकडे पद्धत नव्हती. वाचायला मी खरी शिकले ती हॉस्पिटलात, ड्रमवर लावलेल्या चिठ्ठ्या आणि औषधांच्या बाटल्या वाचून. त्यामुळे ‘निर्जंतुक’ मला बरोबर लिहिता येतं, ‘आशीर्वाद’ लिहिताना अडखळते.

आमच्या हॉस्पिटलातली माणसं दिवाळीला आपापसात एक छोटा अंक काढतात. नवीन सिस्टरने मला गाठलं आणि म्हणाली, “मावशी, तुम्ही इतकी वर्षं ड्रेसिंग रूम सांभाळलीत, दोन पानं तरी द्या.” मी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते मलाच कळलं नाही. समोर चार माणसं असली की माझा आवाज घशातच बसतो. पण घरी दुपारी एकटी लिहायला बसले, तर पानं वाढतच गेली. तिला द्यायचं की नाही ते मागाहून बघू. सध्या माझं मीच लिहिते.

मी ड्रेसिंग रूमची मावशी होते. डॉक्टर कापतात, सिस्टर पट्टी बांधते, आणि त्याच्या आधीचं नि नंतरचं सगळं मावशी करते. गॉज कापून घड्या घालायच्या, त्या ड्रममध्ये भरून वाफेला लावायच्या, ट्रे उकळायचे, घाण कापूस वेगळा करायचा, फरशी पुसायची आणि रडणाऱ्याचा हात धरायचा. हात धरायचं काम मला कोणी नेमून दिलं नव्हतं, पण अर्धा दिवस त्यातच जायचा.

दुपारी पेशंट संपले की खिडकीखालच्या बाकावर बसून आम्ही गॉजच्या घड्या घालत असू. धागा आत दुमडायचा, बाहेर एकही सूत दिसता कामा नये. ड्रम वाफेतून बाहेर आला की त्या घड्यांना गरम, कोरा वास यायचा, नव्या परकराला येतो तसा. आता घड्या तयार पाकिटांतून येतात. ते चांगलंच आहे. पण पाकीट फोडलं की त्यातून कसलाच वास येत नाही.

आमचं हॉस्पिटल लहान, ट्रस्टचं, मिरकरवाड्याच्या मासळी बंदरापासून चालत येण्यासारखं. मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलांत हृदयं येत असतील, मेंदू येत असतील. आमच्याकडे बोटं यायची. शिंगाळा माशाचा काटा घुसलेली, खेकड्याने धरलेली, बर्फ फोडताना ठेचलेली. सगळ्यात जास्त कोळंबी सोलणाऱ्या बायकांची. कोळंबीच्या डोक्यावर करवतीसारखा काटा असतो. तो बोटाच्या टोकाला टोचतो, बाई हात झटकते आणि पुढची कोळंबी उचलते. मग दोन-तीन दिवसांनी बोट तांबडं होतं, ठणकायला लागतं, नखाशेजारी पिवळं दिसतं. हेच नखुरडं.

दुखायला लागलं की पहिलं औषध लिंबाचं. लिंबाला भोक पाडायचं, आत हळद-मीठ भरायचं आणि टोपीसारखं बोटावर बसवायचं. मी स्वतःही घातलेलं आहे. थंड वाटतं, ते खोटं नाही. आमच्या बाकावर सकाळी ओळीने बायका बसलेल्या असायच्या, आणि एकेकीच्या मांडीवर एकेक लिंबू. नवीन माणसाला वाटावं, काही पूजा आहे.

नखुरड्याचे प्रकार असतात, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. एक नखाच्या कडेचं, ते बिचारं साधं. दुसरं बोटाच्या टोकाच्या गादीतलं, ते वाईट. तिथे आतमध्ये फणसाच्या गऱ्यांसारखी छोटी छोटी घरं असतात. एका घरात पू झाला की त्याला बाहेर यायला वाट नसते. तो आतल्या आत दाबत राहतो, हाडापर्यंत जातो. बाई सांगते, “मावशी, बोटात कोणी घण घालतंय.” आणि तिसरं माशांमुळेच होणारं. बोट जांभळट होतं, सुजतं, खाजतं, पण आत पू नसतो. ते कापायचंच नसतं.

हे सगळं आमच्याकडे कुठे लिहिलेलं नव्हतं. मोठे सर आमचे जुने सर्जन. त्यांचा हात फार सफाईदार. ते बोटाचं टोक दोन्ही कडांनी कापत, माशाने तोंड उघडावं तसं. पू सगळा निघे, पण बोटाचं टोक कायमचं चपटं नि बधिर होई. धाकटे सर कापायला भीत. गोळ्या देत, बरं नाही वाटलं तर पुन्हा गोळ्या देत. रात्रपाळीला जो असेल तो मलम लावून सकाळवर ढकली. तेव्हा यात काही चुकीचं आहे असं मला वाटत नसे. कोणाच्या हाताला गुण आहे, कोणाच्या नाही, एवढंच आम्ही बोलत असू.

मग देवयानी मॅडम आल्या. सांगलीकडच्या, वयाने लहान, मासे न खाणाऱ्या. पहिल्या दिवशी नाकाला रुमाल लावून आल्या. आठवड्याने काट्यावरून मासा ओळखायला लागल्या. एके दिवशी जुन्या पेशंटचं बोट हातात धरून त्यांनी मला विचारलं, “मावशी, हे कोणी कापलंय? पेपरवर सही नाही.”

“मोठ्या सरांनी.”

“तुम्हाला कसं माहीत?”

“दोन्ही कडांना कापलंय ना.”

“आणि नुसत्या गोळ्या असत्या तर?”

“मग धाकटे सर.”

त्या हसल्या आणि हसता हसता थांबल्या. “मावशी, दुखणं एकच, दार एकच. आणि आत कोण बसलंय त्यावर बोटाचं नशीब?”

 खरंच होतं ते.

त्यानंतर मॅडमनी सांगितलं, आपण नखुरड्याचं ऑडिट करायचं. ऑडिट म्हटल्यावर आमच्या कॅशियरचा चेहरा पडला. पुढचे दोन दिवस तो जुन्या पावत्या लावत बसला होता. शेवटी मॅडमनीच त्याला सांगितलं, “अहो, पैशाचं नाही. आपण काय करायला हवं ते आधी ठरवायचं. मग खरोखर काय करतो ते मोजायचं. फरक दिसला तर सुधारायचं आणि पुन्हा मोजायचं. पुन्हा मोजलं नाही, तर ते ऑडिट नव्हे, नुसती कुरकुर.”

मोजायचं काम ड्रेसिंग रूममध्ये होणार होतं. मी हात मागे घेतले. “मला लिहायला सांगू नका, मॅडम.”

“लिहू नका. रेघ मारा.”

त्यांनी एक कार्ड बनवलं. वर पंजाचं चित्र. कोणतं बोट, तिथे फुली करायची. खाली चौकोन : लिंबू लावलं होतं का, पू होता का, कापलं का, कसं कापलं, साखर तपासली का, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं का, दुसऱ्या दिवशी पट्टीला आली का. पेन मला एप्रनच्या खिशाला लावून दिलं. ते पेन लावून मी पहिल्या दिवशी घरीसुद्धा तशीच गेले. वाटेत कोणाचं लक्ष गेलं नाही, तरी मला बरं वाटलं.

काही महिन्यांनी मॅडमनी सगळ्या डॉक्टरांना बसवलं. मी चहा घेऊन गेले होते, मोठ्या सरांनी मलाही बसायला सांगितलं. मी दाराजवळच्या स्टुलावर अर्धी टेकले. मॅडमनी कोणाचं नाव घेतलं नव्हतं. डॉक्टरांना अ, ब, क म्हटलं होतं. “‘ब’ यांच्याकडची बोटं लवकर बरी होतात, पण टोकाची जाणीव पुष्कळदा जाते. आता नव्या पद्धतीत दोन्ही कडा कापत नाहीत. पू जिथे वर आलाय तिथेच छोटा सरळ छेद घेतात.”

 मोठ्या सरांनी कप खाली ठेवला. “हा ‘ब’ मीच. पुढे बोला.”

“सर, मी तसं—”

“अहो, बोला. माझ्या गुरूंनी असंच शिकवलं, त्यांना त्यांच्या गुरूंनी. कोणी बोटं परत बोलावून विचारलंच नव्हतं.” मग धाकट्या सरांकडे वळून म्हणाले, “आणि ‘क’, तुम्ही हसू नका. तुमच्या गोळ्यांचं पान पुढे आहे.”

त्या दिवशी नियम ठरले आणि भिंतीवर लागले. पू असेल तर त्याच दिवशी काढायचा. पू नसेल, जांभळं असेल, तर कापायचं नाही. प्रत्येकाची साखर बघायची. बोट बधिर करून मुळाशी रबर बांधतो, म्हणजे रक्त येत नाही. ते रबर विसरून वर पट्टी बांधली गेली तर बोट मरतं. म्हणून रबराला नेहमी मोठा चिमटा लावलेला पाहिजे, चिमट्यासकट पट्टी बांधताच येत नाही. आणि शेवटचा नियम : हात वर, पट्टी कोरडी, दुसऱ्या दिवशी तपासणी.

नियम लावणं सोपं, लोकांना पटणं अवघड. एक तांडेल, म्हणजे होडीवरचा मुख्य, आला होता, बोट जांभळं. मॅडम म्हणाल्या, कापायची गरज नाही. तो टेबलावरून उठेना. “कापा म्हणजे कापा. न कापता गेलो तर खलाशी म्हणतील, तांडेल घाबरला.” मॅडमनी त्याला एवढी मोठी पट्टी बांधून दिली की तो खूश होऊन गेला. औषध गोळ्यांचंच होतं. एक म्हातारी मासेवाली साखर तपासायला बोट देईना. तपासली तर मीटरवर आकडा बघून सिस्टरने दोनदा मशीन पुसलं. तिचं नखुरडं मागल्या हंगामापासून का बरं होत नव्हतं, ते त्या दिवशी कळलं.

आता जैबूनचं सांगते. हे सगळं लिहायला बसले ते तिच्यामुळेच.

जैबून माझ्या वयाची. आमच्या गल्लीच्या पलीकडे तिचं घर, तिची आई आणि माझी आई एका विहिरीवर पाणी भरायच्या. मी जितकी घुमी, तितकी ती तोंडाळ. बंदरावर कोळंबी सोलायची शेड आहे, तिथली सगळ्यात भराभर सोलणारी बाई ती. वादळात तिच्या घराचे पत्रे गेले, नवरा खलाशी, कंबर धरून घरी बसलेला. पत्र्यांसाठी तिने शेडच्या मुकादमाकडून उचल घेतली. उचल म्हणजे मजुरीवरची आगाऊ रक्कम. दर आठवड्याच्या मजुरीतून ती कापतात. पावसाळ्यात मासेमारीची बंदी लागायच्या आधी हिशोब होतो. त्या वेळी राहिलेलं फेडायचं, आणि बंदीचे महिने काढण्यासाठी त्याच बैठकीत नवीन उचलायचं. शेडमधल्या बायकांची उचल फिटली, असं कधी कोणी ऐकलं नव्हतं. खाडा झाला तर मजुरी बुडते. खाडे जास्त झाले तर सोलायची टोपली दुसरीला मिळते, आणि डोक्यावर उचल तशीच राहते.

ती आली ती उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारचं बोट घेऊन. गादीतलं नखुरडं, वरून लिंबू.

“काय गो सुले,” मला म्हणाली, “पेनबिन लावून मडमीण झालीस. बघ जरा हे.”

मी लिंबू काढायला हात लावला.

“हळू! तुझ्या बापाचा नाय तो हात.”

मॅडमनी नियमाप्रमाणे सगळं केलं. सुई टोचली तेव्हा जैबून म्हणाली, यापेक्षा नखुरडं बरं होतं. छोटा छेद, पू निघाला, रबर काढलं, चिमटा ट्रेमध्ये पडल्याचा आवाज मी ऐकला. साखर ठीक निघाली. मॅडम म्हणाल्या, “हाताला पाणी लावायचं नाही. एक थेंबही नाही. हात वर धरायचा. उद्या पट्टी बदलायला या.”

“बरं बाय,” जैबून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशी नाही. मी कार्डावर तो चौकोन रिकामा ठेवला. तसा तो बहुतेक कार्डांवर रिकामाच होता. त्या वेळी आमचं दुसरं मोजणं चाललं होतं. कापणं सुधारलं होतं, साखर, इंजेक्शन सगळं सुधारलं होतं. फक्त दुसऱ्या दिवशी बाया येत नव्हत्या. मॅडम वैतागल्या होत्या. “इतकं समजावून सांगते मी. का येत नाहीत?”

त्यानंतर एका सकाळी, झाडून व्हायच्या आत, जैबून ड्रेसिंग रूमच्या दारात उभी राहिली. हात ओढणीखाली.

“सुले, मॅडमना नको बोलावू. तूच सोड.”

ओढणी बाजूला केली तर बोटावर प्लास्टिकची नळी. पोरं बर्फाची कांडी चोखतात, तिची लांबट पिशवी. आमच्या पट्टीवरून ती तिने मोज्यासारखी चढवली होती, आणि मुळाशी तंगूस गुंडाळून बांधली होती, मासे धरायच्या गळाला बांधतात तो नायलॉनचा दोरा. पाणी आत जाऊ नये म्हणून. रोज सकाळी बांधायची, दिवसभर सोलायची, घरी येऊन सोडायची. आदल्या दिवशी ओली गाठ बसली ती सुटेना. अंधार पडल्यावर कोणाला उठवायचं म्हणून तशीच निजली. नळीतून दिसणारं बोट जांभळाच्या रंगाचं झालं होतं.

मी तिचं ऐकलं नाही. मॅडमना बोलावलं.

मॅडमनी दोऱ्याखाली सळई सरकवून तंगूस कापला. खाली मांसात खोल वळ होता. “हे कोणी बांधलं?”

“मीच. तुम्हीच सांगितलंत ना, एक थेंब लावू नको.”

“अहो, कामावर जाऊ नका असं सांगितलं होतं ना मी?”

“ते नाय सांगितलंत.”

मॅडमनी माझ्याकडे बघितलं, मी सिस्टरकडे. खरंच, ते कोणीच सांगितलं नव्हतं. आम्ही धरूनच चाललो होतो.

“पाण्यात हात घालू नको म्हणता,” जैबून म्हणाली. “मग कोळंबी काय तोंडाने सोलू? घरात बसले तर टोपली जाईल. टोपली गेली तर उचल कोण फेडील, हे लिंबू?”

आमच्या रबराला आम्ही चिमटा लावत होतो. तिकडे शेडमध्ये तंगूस बांधला जातोय, हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

बोटाचा रंग मुळाकडून हळूहळू पालटला, पण टोक काळंच राहिलं. मॅडम घाबरल्या होत्या, ते मला त्यांच्या हातमोज्यांवरून दिसत होतं. घालताना लागोपाठ दोन मोजे फाटले. वरचं पेर काढावं लागेल, असं त्या मोठ्या सरांना बाजूला घेऊन म्हणाल्या. सर आले, खुर्ची ओढून जैबूनसमोर बसले, बोट बराच वेळ बघितलं.

“घाई नको,” ते मॅडमना म्हणाले. “काळं किती खोल गेलंय ते आज कोणालाच सांगता येणार नाही. ऊब द्या, कोरडं ठेवा, रोज बघा. बोट स्वतः सांगेल.”

“सांगेल ना?” जैबून म्हणाली. “मग मी त्याला विचारत बसते.”

ती रोज यायला लागली. शेडमधली टोपली गेली होती, दुसऱ्या बाईच्या नावावर. पट्टी झाली तरी घरी जायची नाही, माझ्या बाकावर बसून डाव्या हाताने गॉजच्या घड्या घालायची. आमच्या लहानपणीच्या गोष्टी निघायच्या, विहिरीवरच्या भांडणांच्या, उरुसाच्या, तिच्या आईच्या हातच्या सांदणांच्या. तिच्या घड्या वाकड्या व्हायच्या. ती गेल्यावर मी त्या सोडून पुन्हा घालायचे. ती कधी गप्प झाली तर मात्र मला काय बोलावं सुचत नसे. एकदा म्हणाली, “सुले, पत्रे डोक्यावर हायत, पण ते माझे नायत अजून.” मी तिचा चांगला हात धरला. तेवढंच मला येतं.

एके सकाळी पट्टी सोडली तर काळी कातडी टोपीसारखी सैल झाली होती. मॅडमनी चिमट्याने उचलली. खाली गुलाबी, ओलसर, जिवंत मांस. मॅडमनी मास्क खाली केला आणि खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. जैबून बोट निरखत म्हणाली, “हे माझं नाय वाटत. कोणाच्या तान्ह्या पोराचं हाय.”

बोट वाचलं. पण टोकाची जाणीव गेली ती गेली. मॅडम डोळे मिटायला लावून सुई टेकवायच्या, जैबून म्हणायची, “टोचा ना, थांबलात का?” आणि कोळंबी सोलायची ती बोटाच्या टोकाच्या जाणिवेवरच. कवच कुठून सुटतं, आतला काळा दोरा कुठे आहे, ते बघत बसलं तर मजुरी सुटत नाही.

मॅडमनी त्या दिवशी कार्ड बदललं. सगळ्यात वर, पंजाच्या चित्राच्याही वर, नवीन ओळ घातली : काम काय करता? पाण्यातलं आहे का? मग मला म्हणाल्या, “मावशी, मला ती शेड दाखवा.”

मी, मॅडम आणि जैबून गेलो. शेडमध्ये फरशीवर बर्फाचं पाणी वाहत होतं, लांब टेबलांना दोन्ही बाजूंनी बाया उभ्या. मॅडमनी नाकाला ओढणी लावली आणि बायांनी बघितल्यावर लगेच खाली केली. मुकादमाने खुर्ची पुसून दिली. माणूस वाईट नव्हता, हिशोबी होता.

“मॅडम, मी कोणाला अडवत नाही,” तो म्हणाला. “ज्यांना बरं नाही त्यांनी खुशाल घरी बसावं.”

“घरी बसल्या की टोपली दुसरीला देता.”

“मग माल काय त्यांची वाट बघत थांबेल?”

मॅडमनी टोपल्यांकडे बघितलं. “हा माल जातो कुठे?”

मुकादमाची छाती फुगली. “बाहेरदेशी. तिकडे लई कडक. एक केस सापडला तर अख्खा माल परत.”

“केस सापडला तर परत,” मॅडम म्हणाल्या. “आणि पू सापडला तर?”

 त्याने टेबलांकडे बघितलं. किती बोटांना चिंध्या बांधल्या होत्या, ते बहुतेक त्याला तेव्हाच दिसलं. मलाही तेव्हाच दिसलं. आमच्याकडे येत होत्या त्याहून कितीतरी जास्त.

“काय करायचं म्हणता?”

“जिचं बोट पिकलंय तिला पाण्यातून काढा. शेडमधून काढू नका. कोरडं काम काय असतं इथे?”

“कोरडं म्हणजे... खोकी जोडणं. चिठ्ठ्या चिकटवणं. आणि टोकनं देणं. पण टोकनं मीच देतो, विश्वासाचं काम आहे.” प्रत्येक सोललेल्या टोपलीमागे बाईला एक टोकन मिळे, त्यावर मजुरी.

“म्हणूनच तर कमी भरतात!” जैबून म्हणाली.

दोन्ही बाजूंच्या बाया हसल्या. एक म्हातारी इतकी हसली की तिच्या हातातली कोळंबी परत टोपलीत पडली. मुकादमही हसला, काय करणार. त्या हसण्यातच ठरलं. बोट पिकलेल्या बाईला बरं होईपर्यंत खोकी आणि चिठ्ठ्या, टोपली तिच्याच नावावर राहील. आणि टोकनं द्यायला जैबून, कायमची. मजुरी सोलण्यापेक्षा कमी, पण रोज ठरलेली.

त्यानंतर आम्ही पुन्हा मोजलं. मी कार्डं मॅडमच्या टेबलावर ठेवली. मॅडम एकेक उलटत गेल्या. शेवटचा चौकोन भरत चालला होता. बाया दुसऱ्या दिवशी येत होत्या, काही तर कोरड्या पट्टीचं कौतुक करून घ्यायला. लिंबू मात्र गेलं नाही. ते घालून आलेल्यांना मॅडम नुसतं म्हणायच्या, “आणलंत ना? सरबत करू.”

मॅडम पुढे शिकायला गेल्या. जाताना त्या सगळ्यांशी बोलल्या. मी ड्रममधल्या गरम गॉजचा एक गठ्ठा कागदात गुंडाळून दिला. बाकी काय देणार होते मी? त्यांनी तो नाकाशी धरला आणि पिशवीत ठेवला. मोठे सर वारले. भिंतीवरचे नियम आता छापील आहेत, काचेत. मी गेल्या वर्षी निवृत्त झाले.

जैबूनची उचल कमी मजुरीतून हळूहळू कापली जात होती. दर वर्षी हिशोबाच्या दिवशी थोडी राहायची, आणि बंदीच्या महिन्यांसाठी थोडी नवी चढायची. मग तिने त्या महिन्यांत घरी पापड लाटायला घेतले, नवऱ्याने बसल्या जागी जाळी विणायला घेतली. नवी उचल घेणं तिने अर्ध्यावर आणलं, मग पाववर.

यंदा बंदी लागायच्या आदल्या दिवशी ती माझ्या दारात आली. “चल गो.”

“कुठे?”

“शेडवर. साक्षीला.”

“मला कुठे बोलता येतं, जैबून.”

“बोलायला मी हाय. तू नुसती उभी राह्य.”

शेडमध्ये शेवटचा माल चालला होता. जैबूनने ओढणीच्या गाठीतून नोटा काढल्या आणि अंगठा नि मधल्या बोटाने एकेक मोजून मुकादमाच्या टेबलावर ठेवल्या. त्याने त्या पुन्हा मोजल्या.

“बरोबर,” तो म्हणाला. “झालं.”

“काय झालं?”

“फिटलं गो.”

“मोठ्याने सांग. बर्फाची मशीन चालू हाय, ऐकू येत नाय.”

मुकादमाने माझ्याकडे बघितलं. मी नुसती उभी होते. मग तो खुर्चीवरून उठला आणि ओरडला, “जैबूनची उचल फिटली!”

टेबलांवरचे हात थांबले. कोणीतरी मागून म्हणालं, “पेढे काढ गो!” कोणी टेबलावर टोपली आपटली.

मुकादम बसला आणि सवयीने ड्रॉवर उघडून नोटांचं बंडल काढलं. “बोल, बंदीसाठी किती देऊ?”

“काय नको.”

“काय नको म्हणजे? दोन महिने खाणार काय?”

“पापड,” जैबून म्हणाली. “तुला पायजे तर तूपण ये.”

 त्याने बंडल ड्रॉवरात परत ठेवलं. जैबूनच्या नावावर आता एका पैशाचंही देणं उरलं नव्हतं.